महालांचं कोरीवकाम रेखाटताय? या चुका टाळा

स्पेनला जाऊन आलेल्यांच्या स्केचबुकात आल्हाम्ब्राचं, म्हणजे ग्रनाडातल्या मुस्लिम सुलतानांच्या महालाचं, पान असतंच, आणि खाली हमखास लिहिलेलं असतं, ‘दगडातील नक्षी’. अहो, तो दगड नाही! त्या भिंतींवरची बहुतेक नक्षी गिलाव्यातली आहे. काही कोरलेली, काही साच्यातून काढलेली. सिंहांच्या चौकातले खांब आणि कारंज्याचे बारा सिंह मात्र संगमरवरी. दगडातलं काम बघायचं तर कोर्दोबाजवळच्या मदीनत अझ्-झहराला जा. कोर्दोबाचा खलिफा तिसरा अब्द अर्-रहमान याने 936च्या सुमारास वसवायला घेतलेली ही राजनगरी. तिथल्या दरबारी दालनात (953 ते 957) कोरीव दगडी तक्ते भिंतींवर मढवले होते.

दुसऱ्या चुकीने माझं डोकंच फिरतं. अर्धा तक्ता ट्रेस करायचा, उरलेला कॉम्प्युटरवर उलटवायचा. एका उत्साही विद्यार्थ्याने असंच एका संध्याकाळीत उरकलं आणि कागद घेऊन थेट पाथरवटाकडे गेला. पाथरवटाने मधल्या रेघेवर बोट ठेवलं. तिथे दोन वेली एकमेकींना छेदत होत्या आणि दोन्ही वरूनच गेल्या होत्या! ‘यातली खालून कुठली घेऊ?’ पोरगा गप्प. आरसा लावला की हेच होणार. हाताने कोरलेल्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतात, हे तर वेगळंच. मी आधी फक्त मधलं खोड आणि फांद्या काढते, कोण वर कोण खाली ते ठरवते. पानांना हात दुसऱ्या दिवशी. एवढा धीर नसेल तर फोटो काढा आणि घरी जा.

फोटोसुद्धा भर दुपारी नको. या कामात वरचा थर जवळपास सपाट ठेवून मागची जमीन, म्हणजे नक्षीमागचा भाग, खोल उतरवलेली असते; तिरप्या उन्हाशिवाय ती खोली दिसतच नाही.

‘इस्लामी नक्षीत प्राणी नसतात’ असं ठोकून देण्याआधी जॉर्डनमधल्या म्शत्ता महालाची दर्शनी भिंत पाहा. आठव्या शतकातली, आता बर्लिनला आहे. दाराच्या डाव्या बाजूला वेलींत प्राणीच प्राणी. उजवीकडे, जिच्यामागे मशीद होती, तिथे नाहीत.

आजचा कोरा दगड म्हणजे मूळ रूप नव्हे. मदीनत अझ्-झहराच्या तक्त्यांवर लाल-निळ्या रंगाच्या खुणा आहेत.

आणि हो, अकराव्या शतकाच्या सुरुवातीला ती नगरी लुटली गेली. तक्त्यांचे हजारो तुकडे झाले, ते जुळवून भिंतींवर परत बसवले आहेत. मधले सपाट भाग आधुनिक भरणी आहे. तिथे मनाची वेल घुसडू नका. कागदावरही ती जागा कोरीच ठेवा.