भाजल्यानंतर कोपरात हाड वाढतंय? या चुका टाळा

मोठ्या भाजण्यातून माणूस वाचतो, जखमा भरत येतात आणि मग लक्षात येतं की घास तोंडापर्यंत पोचत नाहीये. कोपर वाकतच नाही. घरचे म्हणतात, कातडी आखडली असेल, तेल लाव. पुष्कळदा ते खरंही असतं. पण शरीराचा ३० टक्क्यांहून जास्त भाग भाजलेला असेल, हात खोलवर भाजले असतील, बराच काळ व्हेंटिलेटरवर किंवा अंथरुणात गेला असेल, तर सांध्याभोवतीच्या मऊ भागात चक्क हाड तयार होऊ शकतं. भाजलेल्यांमध्ये ते सर्वांत जास्त दिसतं कोपराच्या मागच्या बाजूला, आणि बहुधा ३ आठवडे ते ३ महिन्यांत त्याची सुरुवात होते.

आखडलेली कातडी आणि आड आलेलं हाड यांत गल्लत करू नका

हात हळूहळू सरळ करून पाहा. त्रास कातडीचा असेल तर व्रण ताणला जातो, पांढरा पडतो आणि थोडा वेळ तसाच धरला की किंचित सैल सोडतो. हाड आड आलं असेल तर वरची कातडी सैल असतानाच सांधा ठक्कन थांबतो, आणि रोज त्याच कोनात थांबतो. असं वाटलं की एक्स-रे काढून घ्या. मात्र पहिला एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण सुरुवातीचं कोवळं हाड त्यात दिसत नाही. हालचाल घटतच चालली असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा काढावा लागतो.

जोर लावून हात मोकळा करायला जाऊ नका

हाडवैद्याकडे नेऊन हात ओढून घेणं, दोघांनी धरून कोपर सरळ करणं, हे प्रकार मी मनापासून थांबवायला सांगते. स्नायू फाटतात, आत रक्त साकळतं, सूज वाढते आणि सांधा आणखी आखडतो. नव्या हाडाने सांध्याच्या दोन्ही बाजू पुलासारख्या पूर्ण जोडल्या असतील तर जोर लावून हाडच मोडू शकतं. रुग्णाने स्वतः, सोसवेल तेवढी हालचाल दिवसातून अनेकदा करावी. व्यायाम अजिबात बंद करणं ही उलट बाजूची चूक.

काही घरांत दूध-अंडी बंद होतात, हाड वाढतंय म्हणून. हे हाड आहारातल्या कॅल्शियममुळे येत नाही. भाजलेल्या शरीराला त्या अन्नाची फार गरज असते.

करंगळीच्या मुंग्यांकडे दुर्लक्ष नको

माझ्या मते सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. कोपराच्या आतल्या बाजूने, हाडाच्या खोबणीतून अल्नर नस (रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू) जाते. नवं हाड नेमकं तिथेच वाढतं आणि तिला वेढतं. आधी करंगळी आणि शेजारच्या अर्ध्या बोटात मुंग्या येतात, मग बधिरपणा, मग पकड सुटते. अंगठा आणि तर्जनीच्या कडेत कागद धरायला सांगा आणि ओढा. तो धरून ठेवताना अंगठ्याचं टोक वाकत असेल तर नस दुबळी होत चालली आहे. अशा वेळी ठरलेल्या तपासणीच्या तारखेपर्यंत थांबू नका. कोपर उशिराही मोकळं करता येतं, पण वाळलेले हाताचे स्नायू परत येतीलच असं नाही.

"हाड पिकू द्या, दीड वर्षाने बघू"

नवं हाड पक्कं होईपर्यंत, म्हणजे १२ ते १८ महिने, शस्त्रक्रियेसाठी थांबायची पूर्वी पद्धत होती. आता जखमा भरलेल्या असतील, कातडी बऱ्यापैकी मऊ असेल आणि एक्स-रेत हाडाच्या कडा स्पष्ट दिसत असतील तर अनेक सर्जन ६ ते ९ महिन्यांत शस्त्रक्रिया करतात. नस दबत असेल तर त्याही आधी. लहान मुलांत मात्र कधीकधी हे हाड आपोआप विरघळतं, तिथे धीर धरणं योग्य. शस्त्रक्रियेआधी सीटी स्कॅन हवा. कोपरावरचा ग्राफ्ट (लावलेली कातडी) पातळ, चिकटलेला असेल तर प्लॅस्टिक सर्जनही आधीपासून सोबत हवा, नाहीतर हाड निघतं आणि जखम उघडी राहते. शस्त्रक्रियेत नस आधी शोधून मोकळी करतात, गरजेप्रमाणे पुढे सरकवतात आणि मग हाड काढतात. सांधा स्थिर ठेवणारे बाजूचे बंध जपावे लागतात.

हात पूर्ण सरळ होण्याची अट घालू नका. रोजच्या बहुतेक कामांना ३० ते १३० अंशांची हालचाल पुरते (पूर्ण सरळ हात म्हणजे ० अंश).

शस्त्रक्रिया झाली, आता विश्रांती?

नाही. ऑपरेशन टेबलावर मिळालेली हालचाल पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने निसटते. सर्जनने परवानगी दिली की, बहुधा एक-दोन दिवसांतच, व्यायाम सुरू होतो. दुखण्याचं औषध व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या, दुखून हात आखडल्यावर नव्हे. हाड पुन्हा येऊ नये म्हणून इंडोमेथासिनसारखी गोळी दिली जाते. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा दमा असेल तर तसं आधीच सांगा, आणि उरलेल्या गोळ्या दुसऱ्या कुणाला देऊ नका. स्प्लिंट (हात एका कोनात धरून ठेवणारा आधार) किती तास आणि कोणत्या कोनात घालायचा, हे घरी जाण्यापूर्वी लिहून घ्या. टाक्यांतून पाणी येऊ लागलं, ताप आला किंवा बोटं नव्याने बधिर झाली तर त्याच दिवशी वॉर्डात फोन करा.