केमो सुरू होण्याआधी हा नंबर मागून घ्या
मुलाची केमो (कॅन्सरवरची केमोथेरपी) सुरू होण्याआधीच उपचार करणाऱ्या टीमला विचारा: रात्री-अपरात्री, सुट्टीच्या दिवशी फोन कोणाला करायचा? तो नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये हवा, आजी-आजोबांच्यासुद्धा. रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना ताप ३८ अंश सेल्सिअसला (१००.४ फॅरनहाइट) पोहोचला, की सकाळची वाट पाहू नका, लगेच त्या नंबरवर फोन करा. टीमने वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा. विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल देऊ नका; ताप उतरलेला दिसतो, संसर्ग मात्र आत वाढत राहू शकतो. फोनवर आधी सांगा: ताप किती, कधीपासून, शेवटची केमो कधी झाली, सेंट्रल लाइन (औषधं देण्यासाठी मोठ्या शिरेत बसवलेली नळी) आहे का. ‘एवढ्या रात्री त्रास कशाला द्यायचा’ हा संकोच तर मनातून काढूनच टाका.