खोल समुद्रात देवमासे आणि पाखरं बघायला जाताना: तयारीची यादी

मालवण-वेंगुर्ल्याकडून बोट करून आत जायचं असेल तर दसऱ्यानंतरचा दिवस धरा. नारळी पौर्णिमा झाली की होड्या निघतात खऱ्या, पण समुद्र नीट बसायला वेळ लागतो. आदल्या दिवशी इन्कॉइसच्या (समुद्राचा अंदाज देणारी सरकारी संस्था) साइटवर लाटांची उंची बघा, दीड मीटरच्या वर असेल तर मी तरी जात नाही, आणि तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, नको म्हणाला तर मग नकोच. लाइफ जॅकेट माणशी एक आहे ना ते किनाऱ्यावरच मोजून घ्या, आधार कार्ड जवळ असू द्या. निघायचं पहाटेच, दुपारी वारा उचलतो.

बोट लागत असेल तर एव्होमिन डॉक्टरांना विचारून आधीच घ्या, उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. उपाशी जाऊ नका पण मिसळ पण नको, भाकरी-चटणी, केळी, खिशात आलेपाक. ट्रॉलरवर बहुतेक संडास नसतो, म्हणून बायका पाणीच पीत नाहीत आणि मग उन्हाने चक्कर येते, असं अजिबात करू नका, तांडेलाला आदल्या दिवशीच सांगा, आडोशाची सोय करतात.

दुर्बीण 8×42, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, कारण हलत्या बोटीत 10× मध्ये चित्र नुसतं नाचतं. काचेवर खारं पाणी उडून पांढरा थर बसतो, तो शर्टाने पुसलात तर मिठाचे कण काच ओरबाडतात, म्हणून गोड्या पाण्याची छोटी बाटली वेगळी ठेवा, आधी पाणी ओता, मग कापड. टोपीला दोरी हवीच. कॅमेऱ्याचा शटर 1/2000 वर आधीच लावून ठेवा, ट्रायपॉड घरी.

आणि नजर पाण्यावर ठेवा, हे सगळ्यात महत्त्वाचं. बोटीचं नाक म्हणजे 12 वाजले असं धरून घड्याळाप्रमाणे दिशा ओरडायची, "2 वाजता, सुरय!" वेंगुर्ला रॉक्सवर, म्हणजे वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर, ब्रायडल्ड टर्न म्हणजे सुरयांची वीण होते, ते दिसायची शक्यता असते. विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल चिमणीपेक्षा थोडासाच मोठा, पाय लाटेला टेकवत चालल्यासारखा उडतो, तो थेट अंटार्क्टिकाकडून आलेला असतो, मला अजून अंगावर काटा येतो. पाखरं एका जागी पाण्यावर तुटून पडताना दिसली की खाली तारली माशांचा थवा असतो, आणि त्याच तारलीमागे ब्रायडीज देवमासा येतो. डोक्यावर लांबीच्या दिशेने तीन उंच रेघा, पाठीवर मागे वळलेला पर, शेपटी तो सहसा वर काढत नाही त्यामुळे फोटोतल्यासारखी शेपटी शोधत बसू नका. दिसला की इंजिन हळू करायला सांगा, 100 मीटर लांब थांबा, पुढे आडवं जायचं नाही, पाठलाग तर नाहीच, पिल्लू असेल तर सरळ मागे फिरा.

छोटी वही आणि पेन्सिल घ्या, पेनची शाई ओलीत पसरते. वेळ, जीपीएस, किती होते, कुठल्या दिशेला गेले, हे तिथल्या तिथे लिहा.