लेझर पॉइंटर, दोन पोलरॉइड आणि मॅलसचा नियम

पोलरॉइड म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे जाऊ देणारी पातळ शीट. एकामागे एक धरलेल्या अशा दोन पोलरॉइडपैकी एक फिरवला की पलीकडचा प्रकाश मंदावत जातो आणि काटकोनात जवळपास विझतो. तो नेमका किती मंदावतो, याचा नियम एतिएन लुई मॅलस या फ्रेंच अभियंत्याने १८०९ मध्ये मांडला. पोलरॉइड प्रकाशाच्या विद्युत क्षेत्राचा फक्त आपल्या अक्षाच्या दिशेचा घटक पुढे जाऊ देतो. हा घटक दोन पोलरॉइडच्या अक्षांमधल्या कोनाच्या कोसाइनच्या प्रमाणात असतो आणि तीव्रता क्षेत्राच्या वर्गावर ठरते. म्हणून तीव्रता कोसाइनच्या वर्गाप्रमाणे बदलते: ३० अंशांवर पाऊण, ४५ वर निम्मी, ६० वर पाव, ९० वर शून्य.

नियम सोपा आहे. प्रयोग फसतो तो बहुधा प्रकाशमापकापाशी, म्हणून त्याची निवड नीट करा.

सामान. लाल लेझर पॉइंटर (६५० नॅनोमीटर, शक्यतो १ मिलिवॉटच्या आतला), पोलरॉइड शीटचे चार-पाच सेंटिमीटरचे तीन तुकडे, बीपीडब्ल्यू ३४ फोटोडायोड (प्रकाशाच्या प्रमाणात प्रवाह देणारा, हाच आपला प्रकाशमापक), ९ व्होल्टची बॅटरी, १ किलोओहम आणि १० किलोओहमचे रेझिस्टर, मल्टिमीटर, ट्रेसिंग पेपर, कोनमापकाची झेरॉक्स, जाड पुठ्ठा. इलेक्ट्रॉनिक्सचे सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात मिळते.

एलडीआर, म्हणजे प्रकाशानुसार रोध बदलणारा रेझिस्टर, वापरू नका. त्याचा रोध प्रकाशाच्या सरळ प्रमाणात बदलत नाही, त्यामुळे आलेख वाकडा येतो आणि दोष नियमावर जातो. सोलर सेल थेट व्होल्टमीटरला जोडला तरी तीच गत: उघड्या टोकांवरचे व्होल्टेज प्रकाशाच्या लॉगॅरिदमप्रमाणे वाढते, म्हणून प्रकाश निम्मा झाला तरी वाचन जेमतेम हलते. सेलच वापरायचा असेल तर मीटर मिलिअँपिअरवर ठेवून प्रवाह मोजा.

जोडणी. फोटोडायोड उलटा जोडायचा. बॅटरीचे धन टोक डायोडच्या कॅथोडला (ऋण टोकाला), अ‍ॅनोड (धन टोक) रेझिस्टरला, रेझिस्टरचे दुसरे टोक बॅटरीच्या ऋणाला. मीटर रेझिस्टरच्या दोन टोकांवर, डीसी व्होल्टवर. लाल प्रकाशाच्या प्रत्येक मिलिवॉटला हा डायोड साधारण ०.४ मिलिअँपिअर देतो. १ किलोओहमवर ते ०.४ व्होल्ट होतात. वाचन पाच-सहा व्होल्टच्या वर जाऊ लागले तर रेझिस्टर लहान घ्या, नाहीतर डायोडला पुरेसे उलटे व्होल्टेज उरत नाही आणि वाचन एका जागी अडकते.

लेझर आधीच ध्रुवित असतो. डायोड लेझरमध्ये इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) एकत्र येताना प्रकाश बाहेर पडतो. स्फटिकाच्या दोन टोकांचे गुळगुळीत पृष्ठभाग आरशासारखे वागतात, प्रकाश त्यांच्यामध्ये येरझारा घालतो आणि वाटेत आपल्यासारखाच आणखी प्रकाश निर्माण करवतो. हे वर्धन सगळ्या दिशांच्या कंपनांना सारखे होत नाही, म्हणून बाहेर येणारा झोत बऱ्याच अंशी एका प्रतलात कंप पावतो. पहिला पोलरॉइड फिरवला की प्रकाश कमी-जास्त होतो तो यामुळे. तेव्हा लेझर पक्का बसवा, पहिला पोलरॉइड सर्वाधिक प्रकाश मिळेल असा वळवून चिकटवून टाका, आणि यानंतर फक्त दुसरा फिरवा.

पोलरॉइडचा अक्ष कुठला हे कळत नसेल तर फरशीवरचा खिडकीचा चकाकता डाग त्यातून तिरका बघा. काचेसारख्या पृष्ठभागावर लंबापासून सुमारे ५६ अंशांनी परावर्तित झालेला प्रकाश आडवा ध्रुवित असतो. तुकडा हळूहळू फिरवला की एका स्थितीत चकाकी पुसल्यासारखी जाते आणि फरशीचे खरे रंग, खालचे डागसुद्धा, स्पष्ट दिसतात. त्या क्षणी अक्ष उभा आहे. लगेच काठावर खूण करा.

मोजणी. पॉइंटरचे बटण चिमट्याने दाबून पाच मिनिटे चालू ठेवा. सुरुवातीला तेज घसरत असते. खोली अंधारी करा. झोत पुठ्ठ्याने अडवून मीटर वाचा, ते पार्श्वभूमीचे वाचन. दोन्ही अक्ष एका दिशेत असतील ते ० धरा, मग दुसरा पोलरॉइड कोनमापकावर ० ते १८० अंशांपर्यंत फिरवत दर १० अंशांनी नोंद घ्या आणि शेवटी पुन्हा ० वर या. पहिले आणि शेवटचे वाचन जुळले नाही तर बॅटरी उतरते आहे.

समजा पार्श्वभूमी ६ मिलिव्होल्ट, ० अंशांवर ८१२ आणि ६० वर २०८. वजाबाकीनंतर २०२ भागिले ८०६ म्हणजे ०.२५१. अपेक्षा ०.२५ ची होती. आलेख कोनाशी काढू नका, कोसाइनच्या वर्गाशी काढा. सरळ रेषेतली चूक डोळ्याला चटकन दिसते.

० आणि १८० ची वाचने सारखी हवीत. तशी नसतील तर पोलरॉइड फिरताना झोत सरकतो आहे आणि ठिपक्याचा काही भाग तीन मिलिमीटरहून लहान डायोडच्या बाहेर पडतो आहे. डायोडसमोर ट्रेसिंग पेपर लावा, ठिपका पसरेल. प्रकाश घटला म्हणून १० किलोओहम लावा. वाचन विनाकारण थरथरत असेल तर पहिला पोलरॉइड किंचित तिरका करा, कारण त्यावरून परतणारा प्रकाश लेझरमध्ये शिरून त्याला अस्थिर करतो. ४५ अंशांजवळ कोन जपून वाचा: तिथे एका अंशाची चूक वाचनात साडेतीन टक्क्यांची होते.

हिरवा पॉइंटर टाळा. त्यात १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश अर्धा करून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा मिळवतात, म्हणजे तरंगलांबी निम्मी करतात. स्वस्त पॉइंटरमधून उरलेला अवरक्त प्रकाशही बाहेर येतो. साधा पोलरॉइड तो नीट अडवत नाही, सिलिकॉनच्या डायोडला मात्र तो दिसतो, म्हणून ९० अंशांवर वाचन शून्याकडे जातच नाही. डोळ्यालाही तो न दिसता इजा करतो.

थ्रीडी सिनेमाचा वर्तुळाकार ध्रुवणाचा चष्मा नेहमीच्या बाजूने ठेवला तर फिरवूनही वाचन विशेष बदलत नाही. त्याच्या बाहेरच्या बाजूला पाव-तरंग पट्टी, म्हणजे वर्तुळाकार ध्रुवणाचे सरळ ध्रुवणात रूपांतर करणारा थर, असते. तो उलटा, म्हणजे डोळ्याकडची बाजू लेझरकडे करून ठेवा, की पोलरॉइडसारखा चालतो.

झोत डोळ्यांच्या पातळीच्या खाली ठेवा, शेवटी काळा पुठ्ठा लावा, हातातले घड्याळ आणि अंगठी काढा. पॉइंटरवर छापलेल्या मिलिवॉटवर भरवसा ठेवू नका.

सगळे जमले की दोन पोलरॉइड काटकोनात ठेवून त्यांच्या मधोमध तिसरा ४५ अंशांवर सरकवा. विझलेला प्रकाश परत येतो: पहिल्यातून निघालेल्याच्या निम्मा मधल्यातून, त्याच्या निम्मा शेवटच्यातून, म्हणजे पाव. प्रत्यक्षात वाचन पावापेक्षा थोडे कमी येईल, कारण तिसरा पोलरॉइड आपल्या अक्षाचाही थोडा प्रकाश गिळतो. किती गिळतो ते तो एकटाच झोतात धरून, सर्वाधिक वाचनाच्या स्थितीत मोजा.