न्युर्नबर्ग पाहायचं तर आधी वार बघा

जर्मनीत एर्लांगन, फ्युर्थ किंवा खुद्द न्युर्नबर्गमध्ये नव्याने आलेली बहुतेक मंडळी पहिल्याच रविवारी जुनं शहर पाहायला निघतात आणि कंटाळून परततात. रविवारी दुकानं कायद्यानेच बंद असतात, चर्चमध्ये सकाळी प्रार्थना चालू असते आणि बाजारचौक रिकामा असतो. सोमवारी जर्मानिशेस नॅशनल म्युझियम आणि रेल्वेचं संग्रहालय बंद, तर मंगळवारी नाझी नेत्यांवरच्या युद्धगुन्हे खटल्यांचं प्रदर्शन बंद. म्हणून शनिवार गल्ल्या आणि खाण्यासाठी ठेवा, रविवार संग्रहालयासाठी. मधल्या वारी सुट्टी मिळाली तर तीच सगळ्यात चांगली.

तिकिटाचं आधी उरकू. कंपनीकडून डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभर चालणारा मासिक पास, मिळत असेल तर तुमचा प्रश्न मिटला, पण तो एकट्याच्या नावावर असतो. भारतातून आलेले आईवडील त्यावर फिरू शकत नाहीत. त्यांच्यासाठी व्हीजीएन या इथल्या वाहतूक संस्थेचं टागेसटिकेट प्लुस, म्हणजे दिवसभराचं तिकीट, घ्या. एका तिकिटात सहा जण चालतात, त्यांत अठरा वर्षांवरचे जास्तीत जास्त दोन. शनिवारी काढलं तर रविवारीही चालतं, हे अनेकांना वर्षभर कळत नाही. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही.

फ्युर्थहून यू-१ मेट्रोने आलात तर बराचसा प्रवास जर्मनीच्या पहिल्या वाफेच्या रेल्वेमार्गावरूनच होतो. ७ डिसेंबर १८३५ रोजी 'आडलर' नावाचं इंग्लंडहून आणलेलं इंजिन याच वाटेवर धावलं. आपली बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ ची, म्हणजे अठरा वर्षांनी धाकटी.

स्टेशनपासून किल्ल्यापर्यंत अंतर दीडेक किलोमीटर आहे, पण पेग्निट्झ नदी ओलांडली की पुढे सगळा चढ आणि दगडी फरसबंदी. बाबागाडीची चाकं छोटी असतील तर मूल आणि ढकलणारा दोघंही हैराण होतात. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना घेऊन आधी वर जा आणि मग उतरत या. हाउप्टमार्क्ट या बाजारचौकात मात्र बाराच्या दहा मिनिटं आधी पोचा. फ्राउएनकिर्खे या चर्चच्या दर्शनी भागावरच्या घड्याळात ठीक बारा वाजता सात राजनिर्वाचकांच्या, म्हणजे राजा निवडण्याचा हक्क असलेल्यांच्या, बाहुल्या सम्राट चौथ्या कार्लभोवती फेऱ्या घालतात. १३५६ च्या 'सुवर्ण फर्मान'ची ही आठवण. त्या फर्मानाप्रमाणे नव्या राजाची पहिली राजसभा न्युर्नबर्गमध्ये भरवायची होती. घड्याळ पाहून लगेच पाठ फिरवू नका. हा चौक मुळात ज्यूंची वस्ती होती. १३४९ मध्ये याच कार्लच्या संमतीने ती उद्ध्वस्त केली गेली, शेकडो माणसं मारली गेली आणि सिनेगॉगच्या जागी हे चर्च उभं राहिलं. फोटोत येणारा सुंदर चौक असा मोकळा झालेला आहे.

दिसतं ते सगळं जुनं आहे असंही समजू नका. २ जानेवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जुनं शहर जवळजवळ संपलं होतं. बरंचसं नंतर पुन्हा बांधलेलं आहे, तेही जुन्या रस्त्यांची आखणी सांभाळून. खरी जुनी घरं सलग पाहायची तर वाइसगेर्बरगासे या कातडी कमावणाऱ्यांच्या गल्लीत जा. चित्रकार आल्ब्रेख्ट ड्युरर १५०९ पासून मरेपर्यंत ज्या घरात राहिला ते किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. दगडात कोरलेली तळघरं मार्गदर्शकाबरोबरच पाहता येतात. मूळची ती बिअर थंड ठेवण्यासाठी खोदलेली, युद्धात त्यांचा निवारा झाला. आत बारा महिने गारवा असतो, तेव्हा जुलैतही अंगात स्वेटर हवा.

आता खाणं. इथली ब्राटवुर्स्ट बोटाएवढी, सात ते नऊ सेंटिमीटर लांब आणि वीस ते पंचवीस ग्रॅम वजनाची. शहराच्या हद्दीत बनवलेलीच 'न्युर्नबर्गर' म्हणून विकता येते, युरोपीय संघाचं तसं संरक्षण तिला २००३ पासून आहे. डुकराचं मांस, मरवा आणि मेंढीच्या आतड्याचं वेष्टण. गोमांस नको असणाऱ्यांना चालते, डुक्कर न खाणाऱ्यांना नाही. उभ्याने खायची तर 'द्राय इम वेग्ला' म्हणा, पावात तीन मिळतात. बसून खायची तर सहा, आठ, दहा, बारा अशा पटीत मागवतात. सोबत सावरक्राउट, म्हणजे आंबवलेला कोबी, किंवा बटाट्याचं सॅलड येतं आणि बाजूला क्रेन, म्हणजे किसलेला हॉर्सरॅडिश. तो चटणीसारखा बोटभर घेतलात तर नाकातून धूर निघेल.

शाकाहारी माणसाची फसगत मांसाच्या तुकड्यात होत नाही, सोबतच्या पदार्थांत होते. सावरक्राउट अनेकदा चरबीत किंवा बेकन घालून शिजवतात. फ्रँकोनियन बटाट्याचं सॅलड मांसाच्या रश्शात मुरवलेलं असू शकतं. 'क्लोस मिट सोस' हा बटाट्याचा गोळा निरुपद्रवी दिसतो, पण वरची सोस भाजलेल्या मांसाची असते. 'ओहने फ्लाइश', म्हणजे मांसाशिवाय, एवढंच म्हणालात तर बेकनचे बारीक तुकडे येऊ शकतात, कारण पुष्कळांच्या लेखी ते मांसात मोजलं जात नाही. विचारायचं असं: 'इस्ट दा श्पेक ओडर फ्लाइशब्र्युए द्रिन?' बेकन किंवा मांसाचा रस्सा आहे का, हा खरा प्रश्न. त्यातल्या त्यात भरवशाचं म्हणजे ओबात्स्दा, कामांबेर चीज आणि लोणी कांदा-पाप्रिका घालून कालवलेलं, ब्रेत्सेल या गाठीच्या आकाराच्या पावाबरोबर. केझेश्पेट्सले हे चीज घातलेले शेवयांसारखे तुकडे, पण त्यात अंडं असतं. एप्रिल ते २४ जून पांढरा श्पार्गल, म्हणजे अ‍ॅस्परॅगस. उत्तरेकडच्या क्नोब्लाउखस्लांडमध्ये भाजीपाल्याची मोठी शेती आहे, हंगामात तिथे थेट शेतावर ताजी भाजी मिळते.

मासे खाणाऱ्यांसाठी सप्टेंबर ते एप्रिल कार्पचा हंगाम. अर्धा मासा उभा चिरून तळून येतो, शेपटीचे पर कुरकुरीत असतात, तेही खायचे. रोहू खाल्लेल्यांना काट्यांची सवय असते. पापलेट-सुरमईवर वाढलेल्या कोकणी माणसाने मात्र सावकाश खावं आणि लहान मुलांना स्वतः निवडून भरवावं.

टेबलावरच्या टोपलीतले ब्रेत्सेल फुकट नसतात, खाल तितके मोजतात. 'श्टामटिश' अशी पाटी असलेल्या टेबलावर बसू नका, ते रोजच्या गिऱ्हाइकांचं. बाकी टेबलांवर अनोळखी माणसांशेजारी बसणं इथे नेहमीचंच, फक्त 'इस्ट हीर नोख फ्राय?', म्हणजे जागा मोकळी आहे का, विचारायचं. टीप टेबलावर ठेवून जात नाहीत. पैसे देतानाच वरची रक्कम धरून पूर्ण आकडा सांगतात. खिशात रोख आणि स्वच्छतागृहासाठी नाणी असू द्या.

खटल्यांचं सभागृह, सआल ६००, पाहायला यू-१ च्या बेरेनशान्त्स स्थानकावर उतरा. नोव्हेंबर १९४५ ते १ ऑक्टोबर १९४६ इथे मुख्य खटला चालला. हेच शहर निवडण्याचं एक साधं कारण होतं: न्यायालयाची इमारत बॉम्बहल्ल्यातून बऱ्यापैकी वाचली होती आणि तिला लागूनच तुरुंग होता. दोन-तीन तास हाताशी ठेवा, लहान मुलांना नेऊ नका. एस-२ लोकलने डुत्सेनटाइखला गेलात तर नाझी मेळाव्यांचं मैदान आणि अर्धवट राहिलेलं काँग्रेसहॉल दिसतं. तिथे गंमत म्हणून हात उंचावून फोटो काढणं हा जर्मनीत गुन्हा आहे. याच ओघात आपल्या घरचं: कायद्याचा रोख नाझी चिन्हावर आहे, आपल्या देव्हाऱ्यावर नाही. तरी दारावर, गाडीवर किंवा बाल्कनीतल्या रांगोळीत बाहेरून दिसेल असं स्वस्तिक काढू नका. इथे बघणाऱ्याला आधी दुसरंच आठवतं, आणि समजावत बसण्यापेक्षा दिवा, कमळ काढणं सोपं.

उत्सवांची सुरुवात घराजवळून करा. एर्लांगनची बेर्गकिर्खवाय ही जत्रा १७५५ पासूनची, पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या आधीच्या गुरुवारी सुरू होते आणि बारा दिवस चालते. मुलांना घेऊन आठवड्यातल्या मधल्या दुपारी जा, शनिवारी रात्री नको. जुलै संपताना न्युर्नबर्गच्या चौकाचौकांत बार्डेनट्रेफेन हा संगीतमहोत्सव भरतो, फुकट. शरदात फ्युर्थची किर्खवाय रस्त्यांवरच भरते.

ख्रिस्टकिंडलेसमार्क्ट हा नाताळबाजार पहिल्या अ‍ॅडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चौथ्या रविवारच्या, आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला फ्राउएनकिर्खेच्या सज्जातून उघडतो आणि २४ डिसेंबरला संपतो. तो उघडणारी, सोनेरी केसांच्या टोपातली ख्रिस्टकिंड ही शहरातलीच तरुणी असते, दर दोन वर्षांनी निवडलेली. २०१९ मध्ये जिची निवड झाली तिचे वडील भारतीय, त्यावरून झालेल्या वर्णद्वेषी शेरेबाजीला शहराने तिला जाहीर पाठिंबा देऊन उत्तर दिलं. उद्घाटन पाहायचं तर तासभर आधी उभं राहायची तयारी ठेवा. एरवी सोमवार ते गुरुवार दुपारी जा, शनिवारी संध्याकाळी माणूस ढकलला जातो, चालत नाही. पाय दगडांमुळे गारठतात, म्हणून जाड तळव्याचे बूट. ग्लूवाइनच्या, म्हणजे गरम मसालेदार वाइनच्या, किमतीत पेल्याचं फांड, म्हणजे अनामत, धरलेली असते. पेला परत दिला की पैसे मिळतात, आवडला तर ठेवून घ्या. मुलांसाठी किंडरपुन्श, बिनदारूचा. सुक्या प्लमच्या बाहुल्या, त्स्वेट्शगनमेन्ले, खायच्या नसतात.

घरी न्यायला लेबकुखन, म्हणजे मसालेदार गोड बिस्किटं, घेताना 'एलिझेन' शब्द पाहा. त्यात बदाम, हेझलनट किंवा अक्रोड किमान २५ टक्के आणि पीठ फार तर १० टक्के असावं लागतं. बाकीच्यांत पीठ जास्त, म्हणून लवकर वाळतात. घट्ट डब्यात सफरचंदाची फोड ठेवली तर मऊ राहतात, फोड मात्र दोन दिवसांनी बदला. भारतात न्यायचे तर चॉकलेटचा थर नको, मुंबईच्या उकाड्यात वितळतो. साधे किंवा साखरेचा पातळ थर असलेले घ्या. वेष्टणावर 'आय' किंवा 'आयर' म्हणजे अंडं, आणि ते बहुतेकांत असतं. अंडं न खाणाऱ्या आजीसाठी भाजलेले साखरी बदाम, गेब्रान्टे मांडेल्न, घ्या: बदाम, साखर, दालचिनी, थोडं पाणी.