केनेडी हत्येचा अभ्यास हौशी माणसाने कसा करावा

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये मोटारीतून जाताना गोळ्या घालून हत्या झाली. पण ‘केनेडींना कोणी मारलं?’ हा प्रश्न घेऊन अभ्यासाला बसू नका. हत्येची सरकारी चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाचा अहवाल ८८८ पानांचा, सोबतचे साक्षी-पुराव्यांचे खंड २६, आणि नंतर खुली झालेली कागदपत्रं लाखो पानांची. एवढ्या पसाऱ्यात नवखा माणूस एकतर कुठल्यातरी कटाचा भक्त होतो, नाहीतर कंटाळून सोडून देतो. प्रश्न लहान घ्या. घड्याळ, नकाशा किंवा एखाद्या साक्षीवरून उत्तर शोधता येईल इतका लहान.

लहान प्रश्नाने काय होतं ते पाहा. अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या चौकशी समितीने १९७९ मध्ये पोलीस वायरलेसच्या ध्वनिमुद्रणावर भिस्त ठेवून दुसरा बंदूकधारी असण्याची दाट शक्यता वर्तवली. त्या मुद्रणाची प्लास्टिकची तबकडी एका मासिकासोबत वाटली गेली. ओहायोतल्या एका ड्रमवादकाने ती पुन्हा पुन्हा ऐकली, आणि ज्या ठिकाणी गोळ्यांचे आवाज असल्याचं सांगितलं होतं तिथेच त्याला शेरीफ आदेश देत असल्याचा पुसटसा आवाज सापडला. तो आदेश गोळीबारानंतर साधारण मिनिटभराने दिलेला होता. म्हणजे ते आवाज गोळ्यांचे कसे असतील? राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या तज्ज्ञांनी १९८२ मध्ये हाच मुद्दा उचलून धरला. त्यावर अजून वाद घातला जातो, ते सोडा. पण त्या माणसाचा प्रश्न एवढाच होता: इथे नक्की काय ऐकू येतंय?

पहिली पायरी: त्या दिवशीचा कागद आधी वाचा

नमुन्यादाखल एक प्रश्न घेऊ: गोळीबारानंतर ऑस्वाल्ड (पुस्तक-गोदामाच्या सहाव्या मजल्यावरून गोळ्या झाडल्याचा आरोप असलेला तिथला कामगार) कुठे दिसला? मोटरसायकलवरचा पोलीस मॅरियन बेकर पुस्तक-गोदामाच्या इमारतीत धावत शिरला आणि तिथले व्यवस्थापक रॉय ट्रुली यांच्याबरोबर जिने चढू लागला. आयोगापुढच्या साक्षीनुसार दुसऱ्या मजल्यावरच्या जेवणाच्या खोलीत त्याला ऑस्वाल्ड भेटला. पण २२ नोव्हेंबर १९६३ च्या, म्हणजे त्याच दिवशीच्या प्रतिज्ञापत्रात बेकर म्हणतो की तिसऱ्या किंवा चौथ्या मजल्यावर एक माणूस जिन्यापासून दूर चालत जाताना दिसला. जेवणाच्या खोलीचा उल्लेखही नाही.

इथे उड्या मारू नका. धावपळीत अनोळखी इमारतीचे मजले मोजताना कुणीही चुकेल. दोन्ही विधानं तारखांसकट शेजारी शेजारी लिहा आणि पुढे चला. (अमेरिकेत तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात. त्यांचा सहावा तो आपला पाचवा. जिने मोजताना हे विसरलात तर सगळं गणित कोसळेल.)

दुसरी पायरी: घड्याळ लावा

आयोगाने ही धावपळ पुन्हा करवून घेतली. बेकरला एका फेरीत १ मिनिट ३० सेकंद लागले, दुसरीत १ मिनिट १५ सेकंद. सहाव्या मजल्याच्या खिडकीपासून जेवणाच्या खोलीपर्यंत ऑस्वाल्डच्या वाटेने जाणाऱ्याला साध्या चालीने १ मिनिट १८ सेकंद आणि भरभर चालून १ मिनिट १४ सेकंद. वेळ जेमतेम जुळते. यातून ‘शक्य होतं’ एवढंच निघतं, ‘तसंच घडलं’ हे नाही. माझ्या मते या विषयावरचे निम्मे वाद या दोन वाक्यांतली गल्लत केल्यामुळे होतात.

गोळीबार कॅमेऱ्यात टिपणाऱ्या झाप्रुडर यांच्या चित्रफितीवरही असाच हात बसवा. कॅमेऱ्याचा वेग सेकंदाला सरासरी १८.३ चौकटी. आयोगाच्या मते राष्ट्राध्यक्षांना पहिली गोळी बहुधा २१० ते २२५ या चौकटींदरम्यान लागली आणि डोक्याला लागली ती ३१३ व्या चौकटीला. वजाबाकी करा, १८.३ ने भागा: ५.६ ते ४.८ सेकंद. ऑस्वाल्डच्या रायफलीतून लागोपाठ दोन गोळ्या झाडायला किमान २.३ सेकंद लागतात, असं चाचणीत आढळलं होतं. म्हणजे साधारण ४२ चौकटी. ही आकडेमोड स्वतः केलीत की कुठलाही नवा सिद्धांत वाचताना पेन्सिल आपोआप हातात येते.

तिसरी पायरी: जमलं तर जागा पाहा

जिथे गोळीबार झाला ती डॅलसची डीली प्लाझा अपेक्षेपेक्षा बरीच लहान वाटते. खिडकीपासून ३१३ व्या चौकटीच्या वेळच्या मोटारीपर्यंतचं अंतर अवघं २६५ फूट, म्हणजे ८१ मीटर. सहाव्या मजल्यावर १९८९ पासून संग्रहालय आहे. खिडकीचा तो कोपरा काचेआड बंदिस्त ठेवलाय. झाप्रुडर ज्या काँक्रीटच्या चौथऱ्यावर उभे होते तिथून रस्ता पाहा, मग दुसरा बंदूकधारी जिथे होता असं काहींना वाटतं त्या गवताळ टेकाडावरच्या कुंपणामागे जा. गोळ्या लागल्याच्या जागा दाखवणाऱ्या एल्म स्ट्रीटवरच्या पांढऱ्या फुल्या सरकारी नाहीत. २०१३ मध्ये पन्नासाव्या स्मृतिदिनाआधी पालिकेने त्या काढल्या, आणि त्या पुन्हा उमटल्या. तिथे वाहतूक चालू असते. फोटोसाठी रस्त्यात धावण्याचा वेडेपणा करू नका.

आज दिसतं ते १९६३ चं दृश्य नव्हे. झाडं वाढलीत, रस्त्यावरच्या पाट्या हलल्यात. म्हणून ‘इथून दिसत नाही, म्हणजे तेव्हाही दिसलं नसणार’ हा युक्तिवाद करण्याआधी २४ मे १९६४ रोजी तिथे झालेल्या सरकारी पुनर्रचनेची छायाचित्रं जवळ ठेवा. ओक क्लिफ भागात हत्येच्याच दिवशी पोलीस टिपिट मारले गेले तो टेन्थ आणि पॅटनचा नाका आणि ऑस्वाल्डला पकडलं ते टेक्सस थिएटर बघता येतं. पण आसपास लोक राहतात, त्यांच्या अंगणात शिरू नका.

चौथी पायरी: नोंद नीट ठेवा

केनेडी हत्येचे कागद खुले करण्यासाठीच्या १९९२ च्या कायद्यानुसार गोळा झालेल्या बऱ्याच कागदांवर तीन गटांत मांडलेला क्रमांक असतो. १०४ ने सुरू होणारे सीआयएचे, १२४ एफबीआयचे, १८० प्रतिनिधीगृहाच्या समितीचे. हा क्रमांक प्रत्येक टिपणावर लिहा आणि कागद कोणत्या वर्षी खुला झाला तेही. एकच कागद २०१७ मध्ये काळ्या पट्ट्यांसह आणि २०२५ मध्ये त्यांच्याविना मिळू शकतो. जुनी प्रत फेकू नका, कारण काय झाकलं होतं ते दोन्ही शेजारी ठेवल्यावरच कळतं.