सामान ठेवायला खोली घेताय? मापाच्या या चुका टाळा

भाद्रपदात महालक्ष्म्या (गौरी) बसायच्या आदल्या दिवशी मी आणि आमचे हे नागपूरजवळच्या वाडीच्या पुढे एका गोदामाच्या शटरसमोर उभे होतो. कोठ्या (महालक्ष्म्यांची धडं) आणि मुखवट्यांची पेटी आत होती, अगदी मागच्या भिंतीला टेकून. तिच्यापुढे सोफा, सोफ्यावर गाद्या, मग दोन कूलर, आणि कूलरच्या पोटात ठासलेली गाठोडी. वरून पावसाची भुरभुर. दोन हमाल लावून अर्धं सामान बाहेर काढलं, त्यावर ताडपत्री टाकली. सासूबाईंचा फोन दर दहा मिनिटांनी: "सापडल्या का कोठ्या?"

आमचं घर रीडेव्हलपमेंटला गेलं होतं. तोवर राहायला दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि उरलेलं सामान महिन्याच्या भाड्याने मिळणाऱ्या स्टोरेजच्या खोलीत टाकलं. फोनवर विचारलं तेव्हा पलीकडून उत्तर आलं, "टू बीएचके ना ताई? पन्नास स्क्वेअर फूट पुरते." आम्हीही 'पुरते' या शब्दावर विश्वास ठेवला. दहा बाय पाचची खोली घेतली, आणि पहिल्याच दिवशी एक लोखंडी कपाट दिरांकडे मानेवाड्याला रवाना झालं.

त्यानंतर ओळखीतल्या तीन-चार घरांचं सामान मी स्वतः मोजून दिलं आहे. चुका जवळपास त्याच असतात.

चौरस फुटांवर थांबणं

पन्नास चौरस फूट म्हणजे दहा बाय पाचही, आणि जवळजवळ सात बाय सातही. कागदावर दोन्ही सारखेच. पण डबल बेड सहा फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब असतो. पाच फूट रुंदीच्या खोलीत तो आडवा मावतच नाही, सात बाय सातमध्ये मावतो. म्हणून आधी लांबी आणि रुंदी वेगवेगळी विचारा, तीही आतली, भिंतीपासून भिंतीपर्यंत. जाहिरातीतलं माप पुष्कळदा बाहेरून घेतलेलं किंवा ठोकळ असतं, आणि कोपऱ्यात खांब निघाला की तो एक फूट खातो.

उंची तर कोणी विचारतच नाही. दहा बाय पाचची खोली आठ फूट उंच असेल तर तिच्यात चारशे घनफूट जागा आहे. तीच सहा फूट उंच असेल तर तीनशे. भाडं कदाचित तेच! शिवाय छताची उंची वेगळी आणि शटरच्या तोंडाची वेगळी. आपल्याकडचं जुनं लोखंडी कपाट साधारण साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दीड फुटाहून थोडं जास्त खोल असतं. ते आडवं करून आत नेता येतं, पण उभं करताना त्याचा कोपरा तिरक्या रेषेत वर फिरतो. त्या क्षणी त्याला पावणेसात फूट लागतात. खाली चार इंचाचे लाकडी पाट टाकलेले असतील तर सात. आमच्या खोलीत मधोमध तुळई होती आणि हमालाने शांतपणे सांगितलं, "ताई, आत तर येते हे, पण उभं होत नाही ना." कपाट मानेवाड्याला गेलं ते असं.

खोली वरच्या मजल्यावर असेल तर लिफ्टचं दार हेच तुमचं खरं दार. खोलीइतकंच तेही टेपने मोजून या. छताला आग विझवणारे पाण्याचे फवारे असतील तर त्यांच्याखाली साधारण दीड फूट मोकळं सोडावं लागतं. तेवढी उंची हिशेबातून आधीच वजा करा.

नजरेने अंदाज बांधणं

घरात पसरलेलं सामान कमी दिसतं, कारण प्रत्येक खोलीत ते थोडं थोडं असतं. सज्ज्यावरचं आणि दिवाणाच्या पोटातलं तर आपण मोजतच नाही. यावर मला सापडलेला सोपा उपाय म्हणजे हॉलमधली फरशी. बऱ्याच घरांत हल्ली दोन बाय दोन फुटांच्या टाइल असतात (तुमच्या एकदा मोजून घ्या). पाच टाइल लांब आणि पाच टाइल रुंद म्हणजे झाली दहा बाय दहाची खोली. कडेने खडूने रेघ मारा आणि सामान त्या रेघेच्या आत रचायला लागा. सगळं रचायची गरज नाही. मोठ्या पाच-सात वस्तू ठेवल्या की चित्र स्पष्ट होतं.

साध्या टू बीएचके घराचा माझा हिशेब असा निघाला. फ्रिजला पाच चौरस फूट. वॉशिंग मशीनला चार. दोन लोखंडी कपाटांना दहा. तीन जणांचा सोफा जमिनीवर ठेवला तर वीस. बेड खोलून फळ्या भिंतीला उभ्या केल्या तर आठ. पाय काढलेलं डायनिंग टेबल आणि एकात एक रचलेल्या खुर्च्या, सहा. दीड फुटी तीस खोकी, एकावर एक चार-चार रचून, अठरा. आणि दोन लोखंडी कूलर, बारा. बेरीज त्र्याऐंशी. त्यात दोन फूट रुंद आणि आठ फूट लांब वाट धरली की नव्याण्णव. म्हणजे दहा बाय दहा. आम्ही याच्या निम्म्या जागेत शिरायला निघालो होतो.

कूलरचं वेगळं सांगते, कारण बाहेरगावचे पॅकर्स ते विसरतात. नागपुरातल्या घरात एक तरी मोठा कूलर असतोच, त्याचा स्टँड असतो, आणि त्याच्यावर काही रचता येत नाही. पण तो पूर्ण रिकामाही नसतो. पंप काढा, जाळीतलं जुनं वूल फेकून द्या, टाकी दोन दिवस उन्हात कोरडी करा आणि आत उशा, चादरी अशा मऊ वस्तू प्लॅस्टिकमध्ये बांधून भरा. टाकी ओली राहिली तर गंजही चढतो आणि चादरीही जातात. आमच्या गेल्या.

फ्रिजमध्ये कपडे भरायचा सल्ला पुष्कळ जण देतात. चालतं, पण आतला बर्फ पूर्ण वितळवून, पुसून, आणि दारात फडक्याची घडी अडकवून ते जरासं उघडं ठेवायचं. म्हणजे दारासमोर तीन-चार इंच सोडायचे. फ्रिज आडवा ठेवून जागा वाचवायला जाऊ नका.

गाडीवरून खोलीचं माप काढणं

"सामान एका छोट्या हत्तीत आलं, मग छोटी खोली चालेल," हा हिशेब फार ऐकू येतो. छोट्या हत्तीचा हौदा साधारण सात फूट लांब आणि पाच फुटांहून थोडा कमी रुंद. त्यात सामान सहा फूट उंच रचलं तर दोनशे घनफूट होतात. आठ फूट उंचीची पाच बाय पाचची खोलीही दोनशेच घनफुटांची. मग मावायला हवं ना? नाही मावत. गाडीत हमाल सामान एकमेकांवर दाबून, दोरीने आवळून भरतात, वाट सोडत नाहीत, आणि दोन तासांत ते उतरतं. खोलीत तेच सामान वर्षभर राहणार. गादीवर मिक्सर आणि मिक्सरवर ट्रंक असं चालणार नाही. गाडीचे जितके घनफूट, त्याच्या किमान सव्वापट खोली घ्या असं मी सांगते. मधून मधून जाणार असाल तर दीडपट.

वाट न सोडणं

आमच्या कोठ्या मागे गेल्या त्या यामुळेच. जागा वाचवायची म्हणून वाट ठेवली नाही आणि ज्या क्रमाने गाडीतून उतरलं त्या क्रमाने भरलं. पहिली उतरली ती महालक्ष्म्यांची पेटी, कारण ती फुटू नये म्हणून सगळ्यात शेवटी चढवली होती. काळजीपोटी चढवली शेवटी आणि त्यामुळेच आत गेली सगळ्यांच्या आधी!

खोली घ्यायच्या आधी एक कागद घ्या आणि पुढच्या बारा महिन्यांत काय काय लागणार ते लिहा. रजया दिवाळीनंतर. कूलर मार्चमध्ये. महालक्ष्म्या भाद्रपदात. मुलांची पुस्तकं जूनमध्ये. लग्नकार्य असेल तर गंज आणि गुंड ही मोठी भांडी. यादी लांब असेल तर दोन फुटांची वाट लागणारच, आणि ती भाड्यात धरा. यादी कोरीच राहिली, म्हणजे तुम्ही बदलीवर बंगळुरूला निघाला आहात आणि दोन वर्षं शटर उघडणारच नाही, तर वाट न ठेवता एक माप लहान खोली घेतली तरी चालेल. सगळ्यांना एकच माप सांगणाऱ्या तक्त्यांवर माझा राग आहे तो यासाठीच.

ऊन आणि पाणी न धरणं

मे महिन्यात नागपुरात ४५ अंश कोणाला नवं नाही. पत्र्याच्या शेडमध्ये छताखालचा दोन फुटांचा थर भट्टीसारखा तापतो. तिथे मेणबत्त्या, कॅसेट, प्लॅस्टिकची खेळणी, फोमच्या गाद्या नकोत. म्हणजे पत्र्याच्या खोलीची वरची जागा उन्हाळ्यात पूर्ण वापरता येत नाही आणि तिची उंची आठ असली तरी तुमच्या उपयोगाची सहाच. स्लॅबची खोली थोडी महाग पडली तरी लहान घेऊन चालते, हा फरक भाडं विचारताना लक्षात ठेवा.

खालची जागाही पूर्ण आपली नसते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीलगतच्या वस्त्यांत तळमजल्यांवर पाणी शिरलं, हे शहराला आठवतंच आहे. तळमजल्याची खोली असेल तर पाटांवर किंवा विटांवर सामान उचलून घ्यायचं. त्यात चार ते सहा इंच जातात. भिंतीपासूनही तीन इंच सोडा. पावसाळ्यात ओल आणि वाळवी, दोन्ही तिथूनच येतात.

आणि काही वस्तू मोजूच नका, कारण त्या तिथे ठेवायच्याच नाहीत. गॅसचं सिलिंडर एजन्सीत जमा करा. इन्व्हर्टरची बॅटरी, रंगाचे डबे, रॉकेल हे तर नाहीच. धान्य, मसाले, लोणच्याच्या बरण्या हेही नाही. उंदीर आपल्याआधी शटरच्या आत असतो.

मोठी खोली घेऊन निर्धास्त होणं

ही चूक पैसेवाल्यांची. जागा उरते, मग जुना टीव्ही, तुटकी सायकल, "कधीतरी लागेल" असं सगळं आत जातं. आधी कबाड्याला बोलवा, मग टेप काढा. तीस वर्षं जुन्या प्लायवूडच्या टेबलाला दोन वर्षं भाडं भरण्यापेक्षा ते कामवाल्या मावशींना विचारून देऊन टाकलेलं बरं.

आता अडकलंच असेल तर

सामान मावत नसेल तर लगेच मोठी खोली मागू नका. आधी बघा, उंची वापरली आहे का? खोकी दोनावर थांबली असतील तर इतवारीच्या लोहा ओळीतून लोखंडी अँगलचा रॅक आणा. एका भिंतीला लावला की बारीक सामान जमिनीवरून उठतं. सोफ्याचे पाय निघतात का बघा. भक्कम लाकडी सांगाड्याचा सोफा हाताच्या बाजूवर उभा केला तर वीस चौरस फुटांऐवजी नऊत बसतो. रिक्लायनर मात्र असा उभा करू नका. पुस्तकं मोठ्या खोक्यांत भरली असतील तर ती कोणी वर उचलत नाही, म्हणून खालीच पसरतात. ती लहान खोक्यांत भरा. एवढं करूनही एक-दोन मोठ्या वस्तू उरत असतील, तर शेजारी पाच बाय पाचची दुसरी खोली घेणं आणि एकच मोठी घेणं, दोन्हींचं भाडं विचारा. दरवेळी मोठी स्वस्त पडतेच असं नाही.

उलट झालं असेल, अर्धी खोली रिकामी असेल, तर माप बदलून मागा. बहुतेक ठिकाणी देतात. पण करारात नोटीस किती दिवसांची आहे आणि भाड्याचा महिना कोणत्या तारखेला फिरतो ते आधी वाचा. आम्ही महिना सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी दहा बाय दहामध्ये हललो आणि त्या महिन्यात दोन्ही खोल्यांचं भाडं भरलं.